मॅडमचे साडेतेरा तास

सुजाता मॅडमविषयी मी जे सांगणार आहे ते निम्म्यानं कमी करून सांगणार आहे. पूर्ण सांगितलं तर लोक म्हणतील, बोरीचे सर पुन्हा सुटले.

बोरीच्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही दोघं नऊ वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो. 'बसत होतो' हे माझ्यापुरतं खरं. मॅडमना नऊ वर्षांत बसलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या खुर्चीचं वेत कालच विणल्यासारखं ताठ होतं. पुढं त्यांच्या जागी जे सर आले त्यांना ती खुर्ची आठवडाभर टोचली.

"मॅडम, जरा बसा की."

"बसून काय होणार हाय, सर?"

एकदा शाळा तपासायला विस्तार अधिकारी आले. त्यांनीही मॅडमना बसायला सांगितलं आणि त्यांनाही हाच प्रश्न मिळाला. साहेब हळूच स्वतःच उठले. त्या दिवशीची संपूर्ण तपासणी उभ्यानं झाली. जिल्ह्यात तेवढ्या कमी वेळात झालेली दुसरी तपासणी नाही.

मॅडमचं घर परभणीत. नवरा मिलिंदराव, एसटीत कंडक्टर. मुली दोन, एक आठवीत आणि एक चौथीत. सकाळी दोन डबे, मिलिंदरावांचा तिसरा, स्वतःचा चौथा, आणि मग बोरीची बस. घरी त्या एका हातानं भाकरी थापायच्या आणि दुसऱ्या हातानं वह्या तपासायच्या. आमच्या पोरांच्या वह्यांत 'छान' या शेऱ्याखाली ज्वारीचं पीठ सापडायचं. आमच्या शाळेतल्या उंदरांनी फक्त हुशार पोरांच्याच वह्या खाल्ल्या, त्याचं कारण हे. 'पुन्हा लिहा' वाल्या वह्या चुलीपासून लांब उभं राहून, रागात तपासलेल्या असायच्या.

उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. आवाज मात्र जिंतूरला ऐकू जाईल असा. सातवीच्या वर्गात त्यांनी पाढा घेतला की पलीकडच्या शेतातली बैलं सुद्धा सात साते एकोणपन्नासला थांबायची.

त्या सायकल चालवतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कळलं ते असं. एका साली आठवीच्या मुलींसाठी सरकारी सायकली आल्या. ट्रकवाल्यानं त्या मैदानात ओतल्या आणि तो गेला. जोडणाऱ्यानं त्या अशा जोडल्या होत्या की ब्रेक दाबला तर घंटी वाजायची. मुलींच्या हातात देण्याआधी कुणीतरी चालवून बघायला हवं होतं. हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, मी आभाळाकडं पाहिलं.

"आणा इकडं," मॅडम म्हणाल्या. ओढणी कमरेला बांधली, चप्पल भिंतीशी काढून ठेवली. "एक चक्कर मारून येते."

मैदानाची चक्कर झाली. मॅडम फाटकातून बाहेर पडल्या. आम्हाला वाटलं गावाची चक्कर. मधली सुट्टी झाली, खिचडी झाली, पोरांनी भांडी धुतली, तरी मॅडम नाहीत. हेडमास्तर अर्ज लिहायला बसले. 'सरकारी सायकलीसह शिक्षिका बेपत्ता' हा विषय त्यांनी तीनदा खोडला. चौथ्या वेळेस मॅडम आत आल्या. तोंड लालबुंद, पाय अनवाणी.

"ब्रेक ठीक हायत," त्या म्हणाल्या. "जिंतूरच्या उतारावर बघितले."

मग हळूहळू माहिती निघाली. माहेर पिंगळीचं. वडील तिथल्याच स्टेशनवर पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे सांधे बदलणारे, होते. कॉलेजला त्या रोज पिंगळीहून परभणीला सायकलनं जायच्या आणि कॉलेजच्या सायकल शर्यतींत दोनदा पहिल्या आल्या होत्या. मग डी.एड., मग लग्न, मग नोकरी, मग मुली. सायकल माहेरी छताला टांगली गेली आणि तिच्या दांडीवर वडिलांनी कांदे वाळत घातले.

"मंग सोडली कामून?" मी विचारलं.

"सोडली न्हाई हो. मधी काम निघालं." मधलं काम चौदा वर्षांचं होतं.

त्या दिवसानंतर मॅडमनी कृषी विद्यापीठातल्या एका मुलाकडून जुनी, पातळ टायरांची सायकल घेतली. ती पहिल्यांदा बोरीत आली तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी ती फिरवून फिरवून बघितली. "बाई, टायर उपाशी ठेवलंय का?" "गादी कुठंय? का अजून यायचीय?" सीटकडं बघून तर एकानं कळवळून म्हटलं, "माय, हे बसायला हाय का उठवायला?" मॅडम म्हणाल्या, "उठवायलाच हाय, आजोबा." पहाटे साडेचारला त्या बाहेर पडायच्या, सहाला परत येऊन भाकऱ्या टाकायच्या. परभणी-पिंगळी रस्त्यावरची कुत्री आधी त्यांच्या मागं धावायची. महिन्याभरात ती सगळी इतकी तंदुरुस्त झाली की त्यांनी चोरांना पकडायला सुरुवात केली. नंतर मॅडमचा वेग वाढला आणि कुत्र्यांनी नाद सोडला.

मग त्या एक छापील कागद घेऊन शाळेत आल्या. परभणीत हौशी सायकलवाल्यांचं एक मंडळ होतं. त्यांची वर्षातून दोनदा दोनशे किलोमीटरची फेरी निघायची. सकाळी सहाला परभणीहून निघायचं, पिंगळीवरून पालमला जायचं, पालमहून परत परभणी, तिथून बोरीवरून जिंतूर आणि जिंतूरहून परत परभणी. ही शर्यत नव्हे. पहिला नंबर नाही, कप नाही. साडेतेरा तासांत, म्हणजे संध्याकाळी साडेसातच्या आत, पोचलं की यादीत नाव. सात एकतीसला पोचलं की नाव नाही. बस.

"एवढ्यासाठी?" मी म्हणालो. "नुसत्या यादीसाठी?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. एवढी गंभीर हालचाल त्या क्वचित करत.

"सर, माझं नाव लय याद्यांत हाय. निवडणूक ड्युटीच्या यादीत हाय, जनगणनेच्या यादीत हाय, खिचडीच्या तांदळाच्या यादीत हाय. एक बी यादी मी मागितली नव्हती. ही एक मागून घ्यायलेय."

तर त्यांना त्या यादीत नाव हवं होतं. दुसरं काही नको होतं.

पहिल्या वर्षी ते हुकलं अकरा मिनिटांनी, आणि हुकलं ते चहानं.

झालं असं की मॅडमची नणंद, कलाबाई, बोरीतच दिलेली. रस्त्याला लागून घर. मॅडम पालम करून, परभणी करून, जिंतूरहून परत निघाल्या तेव्हा वेळ हातात होता. बोरीत शिरल्या तर रस्त्याच्या मधोमध कलाबाई दोन्ही हात पसरून उभ्या, मागं अख्खी गल्ली.

"वैनी! सकाळपासून दुसऱ्यांदा दारावरून चाललीस. चहा न घेता?"

"आक्का, वेळ लागलेली हाय मला."

"आमाला न्हाई व्हय वेळ? दुपारच्याला बी गेलीस, मी म्हटलं काम असंल. आता वापस चाललीस. लोकं काय म्हणायलेत ठाऊक हाय? कलीची वैनी सायकलवर वणवण फिरायलीय. माझ्या भावाचा पगार थांबला का?"

"न्हाई हो आक्का, ही फेरी—"

"फेरी बिरी ऱ्हाऊ दे. घाम बघ कसा सुटलाय. उतर!"

नणंद उतर म्हणाल्यावर न उतरणारी भावजय मराठवाड्यात अजून जन्मायची आहे. मॅडम उतरल्या. चहा आला. त्याआधी पाणी, पाण्याआधी गूळ, गुळाआधी पाय धुवायला तांब्या. चहा बशीत ओतला तर तो निवायला वेळ लागला. आमच्याकडचा चहा फुंकर मारून निवत नाही, त्याला बातम्या सांगाव्या लागतात. शेजारणीनं शेंगदाण्याची चटणी आणली. कुणाच्या तरी सुनेला दिवस गेले होते ते कळलं. निघताना कलाबाईनं हँडलला दोन किलो तुरीची डाळ बांधली, "लेकरांसाठी." ती डाळ परभणीपर्यंत डावीकडं ओढत होती.

बावीस मिनिटं गेली. मॅडम सात एक्केचाळीसला पोचल्या.

सोमवारी त्यांनी पाचवीला गणित घातलं: एक बाई ताशी सतरा किलोमीटर वेगानं सायकल चालवते, तर अमुक अंतर किती वेळात. मागच्या बाकावरून एका पोरीनं विचारलं, "बाई, चहा धरून का सोडून?" "सोडून," मॅडम म्हणाल्या.

त्या रडल्या बिडल्या नाहीत. कलाबाईंवर रागावल्याही नाहीत. त्यांनी फक्त रविवारी सासर-माहेरची सगळी माणसं गोळा केली आणि फळ्यावर शिकवतात तसं शिकवलं: हे परभणी, हे पालम, हे जिंतूर, एवढे तास, आणि थांबलं की काय होतं. मी हजर होतो. चहा होता. कलाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

"आगं माय," त्या शेवटी म्हणाल्या, "मंजी माझ्या चहानं तुझं नाव खोडलं?"

"चहा चांगला होता, आक्का."

यावर कलाबाईंनी शपथ घेतली. काय घेतली ते पुढच्या फेरीला कळलं.

पुढची फेरी हिवाळ्यात होती. ती जशी झाली तशी सांगतो. काही भाग मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका भागाला मी हजर नव्हतो. पण तिथं असलेल्या सेहेचाळीस जणांपैकी एकोणसाठ जणांनी तो मला सांगितलेला आहे.

सकाळी सहाला तेवीस सायकली सुटल्या. बावीस पुरुष, शेवटी मॅडम. पिंगळीला फटफटायला लागलं तेव्हा रस्त्याच्या कडेला मॅडमचे वडील उभे होते, रेल्वेचा जुना निळा कोट घालून. हातात वेताची मोठी कडी, कडीला कापडी पिशवी. पूर्वी धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला स्टेशनवरचा माणूस असंच कडीतून टोकन द्यायचा; गाडी थांबायची नाही, ड्रायव्हर हात बाहेर काढून कडी खांद्यात अडकवून घ्यायचा. म्हाताऱ्यानं तीस वर्षं हेच केलं होतं. कडी बरोब्बर उंचीवर धरली, मॅडमनी हात आडवा केला, कडी कोपरात बसली. सायकल तसूभर डगमगली नाही. पिशवीत भाकरी, ठेचा, दोन केळी.

"लाइन क्लिअर!" म्हातारा मागून ओरडला. कोंबड्यांना वाटलं पॅसेंजर आली.

पालमला मॅडम नऊच्या सुमारास पोचल्या, आणि तिथं खरी पंचाईत झाली.

आयोजकांचा नियम असा की पालमला आणि जिंतूरला जाऊन आल्याचा पुरावा हवा. छापील पावती, तीवर गावाचं नाव आणि वेळ. फोटो चालणार नाही, कारण मागं कुणीतरी मोटारीतून उतरून, डिकीतून सायकल काढून झकास फोटो काढले होते. आयोजकांनी सोपा मार्ग सांगितला होता: एटीएममधून चिठ्ठी काढा. पुढं गेलेल्या बावीस जणांनी ती काढली. मॅडम गेल्या तर यंत्रातला कागद संपलेला. त्या पेट्रोल पंपावर गेल्या. पंपावरचा माणूस म्हणाला, "पावती निघते बाई, पण आधी पेट्रोल जावं लागतं. टाकू कुठं?" मेडिकल उघडायचं होतं. हॉटेलवाल्याकडं चहाची पावती मागितली तर तो घाबरला. "पावती? बाई, तुमी कोणत्या खात्याच्या?" आणि त्यानं गिऱ्हाइकांचे कप झाकले.

दहा मिनिटं गेली. मॅडम स्टँडवर आल्या. तिथं परभणीची गाडी लागलेली होती, आणि दारात मिलिंदराव उभे होते. त्या दिवशी त्यांची पालमची ड्युटी.

आता मिलिंदरावांविषयी दोन शब्द. अख्ख्या आगारात असा नियमाचा माणूस नाही. लग्नानंतर पहिल्यांदा बायको त्यांच्या गाडीत चढली तेव्हा त्यांनी तिला "कुठं जायचं?" विचारलं होतं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकही मेमो नव्हता. तपासणी पथकवाले त्यांची गाडी हात दाखवून थांबवायचे ते चुना मागायला.

मॅडमना त्यांच्या खांद्यावरचं तिकिटाचं यंत्र दिसलं. त्यावर गाव येतं, तारीख येते, वेळ येते.

"अहो, एक तिकीट द्या."

"कुठं जायचं?"

"कुठंच न्हाई. नुसतं तिकीट द्या. पुढच्या गावचं द्या कोणत्या तरी."

मिलिंदरावांच्या कपाळावर आठी आली. "मॅडम," ड्युटीवर ते बायकोला मॅडम म्हणत, "असं नुसतं तिकीट नसतं. तिकीट मंजी प्रवास."

"प्रवासच करायलेय की मी. सकाळपासून."

"कुठपर्यंत?"

"परभणी."

"मंग परभणीचं घ्या. जिथं जायचं तिथलं. अर्धवट मी देत न्हाई."

यंत्र कुरकुरलं. पालम ते परभणी, महिला सवलत, वेळ नऊ वाजून सतरा. मॅडमनी तिकीट घडी करून खिशात घातलं आणि त्या निघाल्या. मिलिंदराव मागून म्हणाले, "गाडी दहाला सुटंल." नियमानं सांगणं भाग होतं.

दहाला गाडी सुटली. वाटेत मॅडमना मागं टाकून पुढं आली आणि ताडकळसजवळ तपासणी पथकानं अडवली. पथकाचे साहेब नवीन होते, चुना न खाणारे. त्यांनी तिकिटं मोजली: सत्तेचाळीस. माणसं मोजली: सेहेचाळीस. परत मोजली. एक आजी झोपली होती, तिला उठवून मोजली. सेहेचाळीस.

"कंडक्टर, एक माणूस कमी आहे."

"हौ, साहेब."

"उतरला?"

"न्हाई साहेब. चढलीच न्हाई."

साहेबांची सगळी हयात बिनतिकीट माणसं पकडण्यात गेली होती. बिनमाणसाचं तिकीट त्यांना पहिल्यांदा सापडलं होतं. ते पायरीवर बसले.

"कोण आहे ही बाई?"

"माझी बायको."

"कुठं आहे?"

"मागं हाय. यायलीय सायकलवर."

गाडीतून एकजण म्हणाला, "साहेब, बायकांना अर्धंच तिकीट हाय. अर्धी बाई मोजा अन् सोडा." दुसरा म्हणाला, "सायकल टपावर टाकायची की मंग." झोपमोड झालेली आजी म्हणाली, "नवरा-बायकोचं भांडण असंल. तुमी मधी नका पडू." आणि तेवढ्यात मागच्या काचेतून कुणीतरी ओरडलं, "ती बघा आली! सत्तेचाळीस नंबर आली!"

सेहेचाळीस माणसं एका बाजूला झाली आणि गाडी तिकडं कलली. साहेब रस्त्यावर येऊन उभे राहिले, हात वर केला. मॅडम यायल्या होत्या. पण मागच्या साली हात पसरून उभ्या राहिलेल्या एका माणसापुढं उतरण्याची काय किंमत पडली होती ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी खिशातून तिकीट काढलं, साहेबांच्या नाकासमोरून फडकवत नेलं आणि ओरडून सांगितलं,

"तिकीट हाय माझ्याजवळ!"

साहेबांचा हात वरच राहिला. म्हणतात की तो दुपारी खाली आला.

त्या दिवशी बोरीत मी स्वतः होतो. कलाबाईंची शपथ मी या डोळ्यांनी पाहिली. त्यांनी लुगडं खोचलं होतं, हातात काठी घेतली होती आणि रस्त्यावरून सगळ्यांना हाकलत होत्या. एक ट्रॅक्टर अडवून धरला होता. दोन म्हशी कडेला बांधल्या होत्या. मलासुद्धा "सर, मागं व्हा!" झालं. मॅडम जिंतूरहून येताना दिसल्या तशा कलाबाई चहाचा स्टीलचा पेला घेऊन सायकलच्या बरोबरीनं पळाल्या. पन्नाशीची बाई, पायात काही नाही. पेला दिला, मॅडमनी दोन घोटांत संपवला, पेला परत घेतला, पळतच.

"निवलेला हाय का?" कलाबाईंनी धापा टाकत विचारलं.

"एकदम निवलेला, आक्का!"

"अर्धा तास फुंकत बसले ना बाई!"

सायकल गेली. कलाबाई रस्त्यातच बसल्या आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या, "आता जा."

मी मोटारसायकल काढून परभणीला निघालो. मॅडम सात वाजून चौदा मिनिटांनी आल्या. सोळा मिनिटं हातात. मी घड्याळ दोनदा पाहिलं, आणि घड्याळाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही.

आयोजक दातांचे डॉक्टर होते. तरुण, नम्र, हसले की दवाखान्याची जाहिरात वाटायची. त्यांनी मॅडमचं फेरीचं, वेळा लिहायचं कार्ड घेतलं. जिंतूरची चिठ्ठी बघितली, ठीक. मग पालमचं तिकीट उलगडलं आणि त्यांचे दात मिटले.

"मॅडम, हे बसचं तिकीट आहे."

"हौ. एटीएमचा कागद संपला होता. वेळ बघा ना तुमी, नऊ सतरा."

"वेळ आहे. पण यावर पालम ते परभणी लिहिलंय."

"हौ."

"म्हणजे कागदावरून बघायचं तर तुम्ही पालमहून परभणीला बसनं आलात."

आधी आलेले बावीस जण केळी खायचे थांबले. जाताना पालमच्या रस्त्यावर त्यांनी मॅडमना पाहिलं होतं; येताना त्या सगळ्यांच्या मागं होत्या, कुणी पाहिलं नव्हतं.

मी पुढं झालो. "डॉक्टरसाहेब, बसनं आल्या असत्या तर सगळ्यांत शेवटी कशा आल्या असत्या?"

"सर, मला त्यांच्यावर शंका नाही," डॉक्टर म्हणाले, आणि ते खरं बोलत होते. "पण मागच्या वेळेला अकरा मिनिटांसाठी मी त्यांचं नाव घेतलं नाही. ते नियमानं. आता पुराव्याशिवाय घेतलं तर तेव्हा का नाही घेतलं? मी कमिटीपुढं ठेवतो. कळवतो."

मॅडमनी सायकल धरून ठेवली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "कळवू नका. आत्ता सांगा. मी हितंच उभी हाय."

आणि उभ्या राहिल्या. खुर्ची आणली होती कुणीतरी. ती तशीच बाजूला राहिली.

साडेसात होत आले होते तेव्हा ड्युटी संपवून मिलिंदराव आले, दोन्ही मुलींना घेऊन. धाकटीच्या हातात हार होता. तिला काय चाललंय ते कळेना, तिनं तो आधी मला घातला. मी मिलिंदरावांना बाजूला घेऊन भानगड सांगितली. त्यांनी ऐकलं. मान खाली घातली. वरच्या खिशाशी दोनदा हात नेला.

मग टेबलाशी गेले आणि एक घडी केलेला कागद डॉक्टरांपुढं ठेवला.

"काय आहे हे?"

"मेमो हाय."

मॅडमनी वळून पाहिलं. "कोणाला?"

"मला," मिलिंदराव म्हणाले. मेमो मिळाल्याचं त्यांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हते.

डॉक्टरांनी मोठ्यानं वाचला, कारण आम्ही सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकलो होतो. "तपासणीवेळी सत्तेचाळीस तिकिटांपैकी एक प्रवासी वाहनात आढळून आली नाही. सदर महिला प्रवासी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी ताडकळसजवळ, वाहनाच्या मागून, स्वतः सायकल चालवीत परभणीच्या दिशेने जाताना समक्ष दिसून आली. थांबण्याची सूचना दिली असता थांबली नाही. तिकीट दाखविले. वाहकाने प्रवास न करणाऱ्या व्यक्तीस तिकीट का दिले, याचा तीन दिवसांत खुलासा करावा." खाली सही, शिक्का, हुद्दा.

डॉक्टरांनी कागद परत एकदा मनात वाचला. 'थांबली नाही' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी पेन काढलं, मॅडमच्या कार्डावर सात चौदा लिहिलं आणि यादीच्या तळाला एक ओळ सोडून चोविसाव्या ओळीत त्यांचं नाव लिहायला घेतलं.

"तेवीसच होते," कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरांनी ओळ खोडली आणि वर तेविसाव्या ओळीत नीट लिहिलं. मॅडमनी वाकून प्रत्येक काना-मात्रा तपासली. 'सुजाता'तला उकार त्यांनी ऱ्हस्व करून घेतला.

मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "एकोणीस वर्षं झाली ना?"

"हौ."

"मला सांगितलं का न्हाई सकाळीच?"

"तू थांबली असतीस व्हय?"

मॅडमनी विचार केला. "न्हाई," त्या म्हणाल्या.

खुलासा त्या दोघांनी मिळून लिहिला. आगारात तो अजूनही नवीन कंडक्टरांना वाचायला देतात असं मी सांगत असतो. कुणी तपासायला गेलेलं नाही. मेमोचं पुढं काय झालं, मिटला की फायलीत राहिला, हे मिलिंदराव आजही सांगत नाहीत. नियमात बसत नसेल.

पुढच्या जूनमध्ये मॅडमची बदली पालमकडच्या एका शाळेत झाली. निरोपाच्या दिवशी आम्ही भाषणं केली. मी सर्वांत लांब केलं आणि त्यात त्या सायकलनं हैदराबादला दोनदा जाऊन आल्या होत्या. त्यांनी उभ्यानंच ऐकलं. "सर, अंतर तरी बरोबर सांगत जा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर एकदाच दिसल्या. मागच्या हिवाळ्यात मला पालमला लग्नाला जायचं होतं. सकाळची गाडी, कंडक्टर मिलिंदराव. पिंगळीला फाटक पडलेलं होतं. मालगाडी गेली, लांबलचक. तिचे डबे मी मोजले, पण आकडा सांगत नाही. फाटक उघडलं, आम्ही निघालो. पुढं उजाडलेल्या रस्त्यावर, ज्वारीच्या दोन शेतांच्या मधून, एक ठिपका चालला होता. जवळ आल्यावर पाठ ओळखली. पाठीला दप्तर, दप्तरातून वर आलेली लांब लाकडी पट्टी. शाळेला निघाल्या होत्या.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मॅडमनी मागं न बघता हातानं बाजू दिली. आमच्या खिडक्या त्यांच्यावरून सरकत गेल्या. मी हात केला. त्यांचं लक्ष समोर होतं. मिलिंदरावांनीही खिडकीतून पाहिलं, मग मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि ते चुकचुकले.

"सहा मिनिटं उशीर हाय."

"मॅडमना?" मी विचारलं.

"न्हाई हो सर. आपल्याला."